ट्रेलरच्या पोटातलं गुलाबी पाणी

"छप्पर गळत असणार. छताचं सील नव्याने करावं लागेल आणि खालची प्लास्टिकची शीट अख्खी बदलावी लागेल." आमच्या कॅम्पिंगच्या ट्रेलरच्या, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घराच्या, पोटात पाणी का साठलंय असं विचारल्यावर सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच्या माणसाने मला हे ट्रेलरखाली एकदाही न वाकता सांगितलं आणि सात आठवड्यांनंतरची तारीख दिली. मे महिन्याचा दुसरा आठवडा चालू होता. मिशिगनमध्ये कॅम्पिंगचे दिवस म्हणजे मेअखेर ते सप्टेंबर. त्यातले सात आठवडे गेले तर उरतं काय? शिवाय बाबा रत्नागिरीहून सहा महिन्यांसाठी आले होते. मॅकिनॉचा पूल ओलांडून त्यांना लेक सुपीरिअर दाखवायचं, हे मी हिवाळ्यापासून मनात धरून बसले होते. तो राग अजून पुरता गेलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

ट्रेलर 24 फुटी, सेकंडहँड, इंडियानातल्या एल्कहार्ट भागात बनलेला. अमेरिकेतल्या बहुतेक आरव्ही, म्हणजे अशी चाकांवरची घरं, तिकडेच बनतात. त्याच्या पोटाला कोरोप्लास्टची काळी शीट असते. इथे निवडणुकीत घरांसमोर पाट्या रोवतात ना, तसलंच पन्हाळीसारखं पोकळ प्लास्टिक. वर फायबरग्लासची लोकर, पाण्याच्या टाक्या, नळ आणि वायरी. आमच्या बाथरूमच्या खाली ती शीट पखालीसारखी फुगली होती. हाताने दाबली की आत पाणी डुचमळायचं.

काउंटरवरून परत आल्यावर मी टोच्याने सगळ्यात खालच्या जागी एक भोक पाडलं आणि खाली पांढरा मग धरला. पाणी आलं ते फिकट गुलाबी. मी तशीच आडवी पडून त्याच्याकडे बघत राहिले. ऑक्टोबरमध्ये नळ गोठून फुटू नयेत म्हणून मी स्वतः पाइपांमध्ये गुलाबी अँटिफ्रीझ भरलं होतं. पाऊस गुलाबी पडत नाही. म्हणजे छताचा संबंधच नव्हता, पाइपच गळत होता. मी लगेच फोन करून हे सांगितलं. "बरं, नोंद करतो," म्हणाले. तारीख तीच.

बाबांची सगळी नोकरी एसटीच्या कार्यशाळेत गेली. मगातलं पाणी बघून ते एवढंच म्हणाले, "पाणी कुठून येतंय ते सापडेपर्यंत काही म्हणजे काही चिकटवू नकोस." अंगणातल्या खुर्चीवरून त्यांनी पुढचे तीन शनिवार माझ्यावर नजर ठेवली.

खाली शिरण्याआधीचं एक आधी सांगते, कारण यात जीव जाऊ शकतो. ट्रेलर पिकअपला जोडलेलाच ठेवा आणि चाकांना दोन्ही बाजूंनी ओट, म्हणजे अडवायचे ठोकळे, लावा. जॅक चासीच्या, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याच्या, मुख्य तुळईला लावायचा, आसाला कधीच नाही, आस वाकतो. वजन जॅकवर न ठेवता जॅकस्टँडवर उतरवायचं. कोपऱ्यांवरचे ते कात्रीसारखे पाय फक्त ट्रेलर हलू नये म्हणून असतात, उचलायला नव्हेत. आणि गॉगल लावाच, गंज सरळ डोळ्यात पडतो.

आता खरी अडचण. शीटचे स्क्रू काढले तरी शीट खाली येईना, कारण गॅसचा लोखंडी पाइप तिच्या खालून लांबच लांब गेलेला. गॅसचा पाइप उघडायचा नाही, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. मग पाइप टाळून दीड फूट बाय दोन फुटांची खिडकी कापली. सुरीचं पातं शीटच्या जाडीपुरतंच बाहेर ठेवलं, कारण लगेच वर वायरी असतात. आतून ओली लोकर लोळागोळा होऊन पडली आणि तिच्याबरोबर उंदराचं घरटं. इथे घाई करू नका. इथल्या उंदरांच्या लेंड्यांतून हंटाव्हायरस नावाच्या विषाणूची लागण होऊ शकते, त्यामुळे कोरडं झाडायचं नाही, व्हॅक्यूमही नाही. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी शिंपडून पाच मिनिटं थांबायचं, मग हातमोजे घालून पुसून काढायचं.

गळती अर्ध्या तासात सापडली. पाइपाच्या प्लास्टिकच्या एल्बोला, म्हणजे काटकोनी जोडाला, केसाएवढी चीर होती. पितळी एल्बो बसवला, झालं. खरं तर सप्टेंबरपासूनच सगळे नळ बंद असताना पंप मधूनच दोन सेकंद गुरगुरायचा. तेव्हाच ओळखायला हवं होतं: नळ बंद आणि पंप चालू, म्हणजे कुठेतरी पाणी जातंय.

पण खिडकी बंद करणं! त्यात माझे दोन शनिवार गेले. पहिल्यांदा चांगल्यातला बांधकामाचा गोंद लावून तुकडा चिकटवला आणि खालून फळीचा टेकू दिला. सकाळी फळी काढली आणि तुकडा सरळ माझ्या छातीवर आला. दुसऱ्यांदा अल्कोहोलने घासून पुसलं, सँडपेपर मारला, छतासाठी वापरतात ती महागडी टेप चारही बाजूंनी दाबून लावली. आता बसलं म्हणून खुशीत वीस मैलांचा फेरा मारून आले, तर एक बाजू सुटून रस्त्याला घासत होती. रडू यायचं बाकी होतं. मग वाचल्यावर कळलं की कोरोप्लास्ट म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, दह्याचे डबे ज्याचे असतात ते. त्याला गोंद धरतच नाही, वरच्या वर राहतो. पृष्ठभागावरून ज्योत फिरवली तर चिकटतं म्हणतात. गॅसच्या पाइपाजवळ आणि लोकरीखाली हे चुकूनही करू नका.

तोडगा बाबांच्या प्रश्नातून निघाला. "चिकटवतेस कशाला? दाराला चौकट नसते का?" खिडकीच्या कडेने आतल्या बाजूला ॲल्युमिनियमच्या दीड इंची पट्ट्या लावल्या, अर्धी पट्टी शीटवर आणि अर्धी भोकात डोकावणारी, मोठे वॉशर घालून रिबिट मारले. चौकट तयार. कापलेला तुकडा खालून त्या चौकटीत बसवला आणि अर्ध्या इंचाच्या बारीक स्क्रूंनी आवळला. लांब स्क्रू घेऊ नका, टाकी किंवा पाइप भोसकला जाईल. टेप लावली ती फक्त फटीवर, धूळ जाऊ नये म्हणून. पाइप जिथून शीटमधून खाली येतात तिथे स्टील वूल कोंबलं, कारण पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून उंदीर जातो. हे सगळं करण्याआधी आतला भाग पंखा लावून तीन दिवस सुकू दिला होता. नवी लोकर त्यानंतरच भरली. आता पुन्हा कधी गळलं तर स्क्रू काढायचे आणि बघायचं. कारखान्याने ही खिडकी आधीच का ठेवू नये, हे मला अजून पटलेलं नाही.

बाकीची कामं सरळ झाली. कमानपाट्यांचे नायलॉनचे बुश, म्हणजे बोल्टभोवतीच्या छोट्या नळ्या, झिजले होते, ते काढून बाहेरून ग्रीस भरता येईल असे निपलवाले कांस्याचे बसवले. बेअरिंगला नवं ग्रीस भरलं. आमच्या आसाच्या पुस्तकात दर 12 महिन्यांनी किंवा 12,000 मैलांनी भरा असं आहे. चासीचा गंज तारेच्या ब्रशने काढून रंग मारला. इथे रस्त्यांवर हिवाळाभर मीठ टाकतात, आणि डेट्रॉइट शहराखाली हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे हे ऐकून बाबा म्हणाले, "म्हणजे इथेही खारा वाराच की." चाकं काढली असतील तर नट टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, आवळा आणि 10, 25 आणि 50 मैलांवर थांबून पुन्हा तपासा. आमचे एका चाकाचे दोन नट 10 मैलांवर ढिले निघाले.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही पूल ओलांडला. प्रत्येक मुक्कामाला मी खाली वाकून खिडकीवर हात फिरवत होते, कोरडी. सर्व्हिस सेंटरचा फोन आला तेव्हा आम्ही लेक सुपीरिअरच्या काठी चहा करत होतो. तारीख दुसऱ्या कुणाला द्या, असं सांगितलं, आणि सांगताना मला फार बरं वाटलं.

एक राहिलंच. झाकण लावण्याआधी आतला फोटो काढून ठेवा, कुठला पाइप कुठे जातो ते पुढच्या वेळी आठवत नाही. मी फोटो काढला, पण बाबांना तेवढ्याने बरं वाटेना. गुडघे धरत ते स्वतः खाली वाकले आणि कार्यशाळेत लिहायचे तसं झाकणावर पांढऱ्या रंगाने मराठीत लिहिलं: बाथरूम नळ, पितळी एल्बो. खाली तारीख.