पकडापकडीतून फुटबॉलच्या हालचाली : आठ आठवड्यांच्या नोंदी

आठ ते दहा वर्षांच्या बारा मुलांबरोबर, आठवड्यातून दोनदा, सरावाची पहिली १५ मिनिटे पकडापकडी खेळण्याचा उपक्रम सुरू करून आता आठ आठवडे झाले. त्याआधी मी शंकूंमधून नागमोडी पळण्याचा सराव घेत असे; परंतु शंकू जागचा हलत नसल्यामुळे मुले वळण्याची जागा आधीच ठरवून टाकत आणि सामन्यात समोरचा खेळाडू हलला की त्यांचे पाय गोंधळत. ज्याच्यावर राज्य आहे तो कोणत्या बाजूने येईल हे मात्र बघूनच ठरवावे लागते.

पहिल्या दोन सत्रांत बाद होणाऱ्याने बाहेर बसायचे, असा नियम मी ठेवला होता. परिणामी ज्यांना सरावाची सर्वाधिक गरज होती, तीच मुले पहिल्या मिनिटात कडेला जाऊन बसली. तेव्हापासून विष-अमृत घेतो : १५ मीटरचा चौरस, दोघांवर राज्य, डाव ४० सेकंदांचा आणि नंतर तेवढीच विश्रांती.

सर्वांत अधिक वेळ थांबायला शिकण्यात गेला. वेगात पळणारे मूल वळताना ताठ राहते, शेवटचे पाऊल लांब टाकते आणि घसरते. वळण्यापूर्वी दोन-तीन आखूड पावले टाकावीत, गुडघे वाकवून कंबर खाली घ्यावी आणि बाहेरच्या पायाने जमीन ढकलावी, हे मी सांगून थकलो. (मुलांच्या दुखापती टाळण्यासाठी असलेल्या फिफाच्या ‘११+ किड्स’ या सराव-कार्यक्रमातही पळता पळता खुणेसरशी एका पायावर थांबण्याचा खेळ आहे, तो उगीच नव्हे.) अखेर ते साधले चड्डीच्या पट्ट्यात मागे खोचलेली कापडी शेपटी पळवण्याच्या खेळात, कारण शेपटी वाचवायची तर प्रतिस्पर्ध्याकडे पाठ करता येत नाही, तिरपे उभे राहून मागे सरकावे लागते आणि संधी मिळताच हुलकावणी देऊन निसटावे लागते. बचावपटूची उभे राहण्याची ढब मुलांना अशी न शिकवता आली.

सहाव्या आठवड्यात प्रत्येक पळणाऱ्याला चार नंबरचा, म्हणजे मोठ्यांच्या चेंडूपेक्षा किंचित लहान, चेंडू दिला आणि कमावलेले बरेचसे हरपले, कारण सगळ्यांच्या नजरा पायांत अडकल्या. मग चौरस २० मीटरचा केला आणि राज्य असलेल्यांच्या हाती एकेक रंगीत रुमाल देऊन तो वाटेल तेव्हा, न बोलता, दुसऱ्याला देण्याची मुभा ठेवली. आता राज्य कोणावर आहे हे मान वर केल्याशिवाय कळत नाही. निम्मी मुले दोन-तीन स्पर्शांनंतर वर बघू लागली आहेत. उरलेली तळव्याखाली चेंडू दाबून थांबतात आणि मग बघतात, जे तूर्त मी चालवून घेतो.

एक दोष मात्र अजून तसाच आहे. बहुतेक मुले धोका कोठूनही आला तरी उजव्या पायानेच ढकलून डावीकडे वळतात. त्यामुळे पुढील दोन आठवडे चौरसाऐवजी अरुंद पट्टा आखून, राज्य असलेल्याला पळणाऱ्याच्या डाव्या कोपऱ्यातून सोडणार आहे.