बोलला एक, गेला दुसरा

दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या गावातल्या वाचनालयाच्या वरच्या खोलीत आम्ही पंधरा-वीस जण महाभारत वाचतो. मी शाळेत संस्कृत शिकवायचे, निवृत्त झाल्यावर हे सुरू केलं. सभापर्व आलं की एक प्रश्न ठरलेला असतो. "बाई, विकर्ण भर सभेत एवढं बोलला, मग शेवटी दुर्योधनाकडूनच का लढला? चुकलाच ना तो?" जिन्यावर थांबवून विचारतात, फोन करून विचारतात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारलाय. मी दर वेळी थोडक्यात काहीतरी सांगते, आणि घरी आल्यावर वाटतं, पुरतं सांगितलं नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज सगळं लिहिते. माझं उत्तर मधल्या काळात बदललंय, तेही सांगते.

आधी तो प्रसंग. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत सभापर्वाच्या ६१व्या अध्यायात तो येतो. द्रौपदीला फरफटत आणलेलं आहे आणि तिचा प्रश्न सभेत तसाच पडलाय: युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की मला? भीष्म 'धर्म सूक्ष्म आहे' म्हणून थांबलेत. द्रोण, कृप गप्प. धृतराष्ट्र गप्प. तेव्हा विकर्ण उठतो. दुर्योधनाचा सख्खा धाकटा भाऊ. जमलेल्या राजांना तो पुन्हा पुन्हा म्हणतो, उत्तर द्या. कुणी देत नाही. मग व्यासांनी एका ओळीत त्याचं जे चित्र काढलंय, ते वाचताना माझा आवाज अजून जड होतो: हातावर हात चोळत, उसासा टाकत तो म्हणाला, 'तुम्ही बोला न बोला, मला जे न्याय्य वाटतं ते मी बोलणार.'

आणि तो नुसता कळवळून बोलत नाही, मुद्दे मांडतो. शिकार, मद्य, जुगार आणि विषयासक्ती ही राजांची चार व्यसनं. त्यांत बुडालेल्या माणसाची कृती कृती म्हणून धरत नाहीत. द्रौपदी पाचांची आहे, एकट्या युधिष्ठिराची नाही. तो आधी स्वतःला हरला होता. आणि तिला पणाला लावायचं शकुनीनं सुचवलं. म्हणून ती जिंकली गेली असं मी मानत नाही. सभेत गलका होतो, लोक विकर्णाला वाखाणतात, शकुनीला दोष देतात. क्षणभर वाटतं, आता हे थांबेल.

मग कर्ण उठतो. त्याचं पहिलंच वाक्य घरावर बोट ठेवतं: अरणीतून, म्हणजे घासून अग्नी काढायच्या लाकडातून, उपजलेला अग्नी अरणीलाच जाळतो, तसा तू. आपल्याकडे म्हणतात ना, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, तेच हे. पुढे म्हणतो, तू पोर आहेस आणि म्हाताऱ्यासारखं बोलतोस. विकर्णाच्या मुद्द्यांना तो उत्तरं देतो, पण माझ्या मते ती पुरी पडत नाहीत. तरी विकर्ण पुन्हा बोलत नाही, आणि कर्ण दुःशासनाला सांगतो, पांडवांची आणि हिची वस्त्रं काढून घे.

याच सभेत थोड्या वेळानं विदुर एक हिशेब सांगतो. माझ्या मते सगळ्या सभापर्वात त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. सभेत अधर्म होत असेल आणि निंद्य गोष्टीची निंदा कुणी केली नाही, तर पापाचा अर्धा वाटा सभेत जो श्रेष्ठ बसलाय त्याचा, पाव करणाऱ्याचा आणि पाव गप्प बसलेल्या सभासदांचा. निंदा झाली, तर सगळं पाप एकट्या करणाऱ्यावर. हे सांगण्याआधी विदुर मुद्दाम म्हणतो, विकर्णानं आपल्या बुद्धीप्रमाणे उत्तर दिलंय, आता तुम्ही तुमच्या बुद्धीप्रमाणे द्या. म्हणजे त्या दिवसापुरता विकर्णाचा वाटा शून्य. ते शून्य त्यानं एकट्यानं, हात चोळत मिळवलं होतं.

पण त्या हिशेबात पुढच्या तेरा वर्षांचा रकाना नाही. विराटाच्या गाई पळवायला कौरव गेले, तेव्हा विकर्ण त्यांच्यात होता. अर्जुनानं त्याचा हत्ती मारल्यावर तो पळाला. कुरुक्षेत्रावर दुर्योधनाच्या बाजूनं उभा राहिला. चौदाव्या दिवशी भीमापुढे कर्ण अडचणीत आला, तेव्हा दुर्योधनानं त्याला वाचवायला सात भावांना पाठवलं. त्यांत विकर्ण होता. सातही पडले.

इथे थोडं थांबा. ज्यानं भर सभेत त्याला पोर म्हणून गप्प केलं, त्याच कर्णाला वाचवायला जाताना विकर्ण मेला. मी हे पर्व किती तरी वेळा वाचलं होतं, पण या दोन टोकांची गाठ मला फार उशिरा दिसली. मरताना त्याचा आणि भीमाचा लांबलचक संवाद झाला असं सांगणारे सांगतात. पोथीत विकर्णाच्या तोंडी तिथे काही नाही. बोलतो तो भीम. शंभरांना मारण्याची शपथ घेतलेला भीम त्या एकासाठी शोक करतो: मी तुम्हा सगळ्यांना मारायची प्रतिज्ञा केली होती, म्हणून तू मेलास, क्षात्रधर्म आठवून तू लढायला आलास, तू तर आमच्या हिताचा होतास.

बरीच वर्षं मी तुम्हाला भीमाच्या बाजूनं उत्तर देत आले. म्हणायचे, विकर्णानं मनाचं ऐकलं ते सभेत आणि कर्तव्याचं ऐकलं ते रणात. दोन्ही पाळलं, त्याला दोष देऊ नका. ते उत्तर मी विकर्णासाठी देत नव्हते, माझ्या वडिलांसाठी देत होते.

बाबा भूसंपादनाच्या कचेरीत कारकून होते. १९७०च्या दशकात आमच्याच खोऱ्यात धरण मंजूर झालं आणि आमचं गाव बुडीत क्षेत्रात गेलं. शेती काका करत. काही सर्व्हे नंबरांवर विहिरीचं पाणी असूनही कागदोपत्री जमीन जिरायत लागली होती, म्हणजे मोबदला बागायतीच्या मानानं फारच कमी. बाबांनी तसं टिपण लिहून वर पाठवलं. साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं, "त्यात तुमचीपण जमीन आहे ना? मग बरोबर, कळवळा येणारच." टिपण फायलीत गेलं. बाबा जागेवर येऊन बसले आणि पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत.

नोटिसा निघाल्या तेव्हा आमच्या घरची नोटीस घेऊन ते स्वतः गेले. दुसऱ्या कुणाला पाठवता आलं असतं. आईनं विचारलं तर म्हणाले, "परक्याच्या हातून जाण्यापेक्षा माझ्या हातून गेलेली बरी." काका ओसरीवर बसले होते. त्यांनी कागदाकडे पाहिलं नाही. "दादा, पाणी घेणार?" एवढंच म्हणाले. काकूनं तांब्या आणून ठेवला, बाबा पाणी प्याले आणि मग दोन पंचांसमोर त्यांनी नोटीस चौकटीला चिकटवली. आजी आत होती. काका पुढे सत्याग्रहात बसले, दोनदा तुरुंगात गेले, मोबदल्याचा पहिला हप्ता घेतला नाही. बाबांनी नोकरी पूर्ण केली. आजीच्या अंत्यविधीला दोघे एकाच घाटावर होते, एकमेकांशी बोलले नाहीत. मी तेव्हा कॉलेजात होते, आणि माझ्या मनात काकांवर राग होता. बाबांनी तर बोलून दाखवलं होतं ना! आणखी काय करायचं होतं त्यांनी?

आता कौरवांतल्या दुसऱ्या भावाकडे येते. विकर्णाबद्दल विचारणाऱ्यांतले फार थोडे युयुत्सूबद्दल विचारतात. गांधारी दोन वर्षं गर्भार होती, त्या काळात धृतराष्ट्राची सेवा करणाऱ्या वैश्य स्त्रीच्या पोटी तो जन्मला. म्हणून शंभर कौरव आणि हा एकशे एकावा. लहानपणी भीमाच्या अन्नात विष घातलं गेलं, ते पांडवांना सांगणारा हाच. तिथे त्याला नावानंही न म्हणता 'वैश्यापुत्र' म्हटलंय. द्यूतसभेत मात्र त्याचं बोलणं नाही. बोलला विकर्ण.

भीष्मपर्वाच्या ४१व्या अध्यायात, दोन्ही सैन्यं समोरासमोर उभी असताना, युधिष्ठिर चिलखत उतरवून पायी भीष्म, द्रोण, कृप आणि शल्य यांना नमस्कार करून परत येतो आणि मोठ्यानं म्हणतो, जो आम्हाला निवडेल त्याला मी साह्यकर्ता म्हणून घेईन. कुणी हलत नाही. युयुत्सू पुढे येतो: मला घेत असाल तर मी तुमच्याकडून धृतराष्ट्राच्या मुलांशी लढेन, त्यांच्या डोळ्यांदेखत. आणि तो दुंदुभी वाजवत जातो. रात्री अंधारात निघून जात नाही. आपल्याकडे अशा माणसाला बिभीषण, घरभेद्या म्हणायची पद्धत आहे. घरभेद्या नगारा वाजवत जात नसतो.

त्याचं स्वागत करताना युधिष्ठिर जे म्हणतो ते ऐका. 'ये, ये' म्हणतो आणि लगेच सांगतो, धृतराष्ट्राचा पिंड आणि तंतू, म्हणजे वंशाचा धागा, तुझ्यातच दिसतो. म्हणजे तू सोडून आलास त्या बापाचं पाणी तुझ्याच हातून जाणार आहे. पहिल्या दिवशी, एकही बाण सुटायच्या आत.

पुष्कळ जण मला म्हणतात, "त्याला सोपं होतं हो बाई. दासीचा मुलगा, त्याचं तिथे होतं काय? विकर्ण गांधारीचा, त्याला कसं जमणार?" हे मला पटत नाही. बाजूला सारलेला माणूस हमखास बाजू बदलतो, असं असतं तर कर्णानं बदलली असती. त्याला तर कृष्णानं आणि कुंतीनं जन्माचं सत्य सांगून बोलावलं होतं. आणि सोपं होतं म्हणाल तर युद्ध संपल्या दिवशी युयुत्सूच्या वाट्याला काय आलं ते वाचा. अठराव्या दिवशी छावणीतल्या कुरुस्त्रिया आकांत करत सैरावैरा निघाल्या. पांडवांच्या बाजूनं लढलेल्या युयुत्सूनं युधिष्ठिराची परवानगी मागितली आणि संध्याकाळी, गळा दाटलेला, डोळे भरलेले, तो त्यांना घेऊन हस्तिनापुरात शिरला. त्यांत त्याच्या वहिन्या होत्या. भेटला विदुर. त्यानं त्याला शाबासकी दिली आणि सांगितलं, त्या आंधळ्या, लोभी, पुढचं न दिसलेल्या राजाची काठी आता तूच.

आणि तो काठी झाला. पुढची पंधरा वर्षं धृतराष्ट्र हस्तिनापुरात राहिला, त्याच्या दिमतीला विदुर आणि संजय यांच्याबरोबर युयुत्सू होता. धृतराष्ट्र, गांधारी आणि कुंती वणव्यात गेल्याची बातमी आली, तेव्हा पांडवांनी तिलांजली दिली ती युयुत्सूला पुढे करून. पांडव शेवटच्या प्रवासाला निघाले तेव्हा परीक्षिताचं राज्य त्याच्याच हाती सोपवून गेले.

म्हणून आता माझं उत्तर असं. हो, विकर्ण चुकला. सभेत नाही, तिथे तो सगळ्या वडीलधाऱ्यांपेक्षा मोठा होता, आणि आपण त्याचं नाव घेतो ते त्या एका उसाशासाठी घेतो, ते योग्यच आहे. चुकला तो नंतर, कारण आपण बोललो म्हणजे आपला वाटा फिटला असं त्यानं धरलं. आणि युयुत्सू बरोबर होता तो नुसता पलीकडे गेला म्हणून नाही. पलीकडे जाऊनही त्यानं घर टाकलं नाही. भावाशी लढणं आणि भावाच्या विधवेला घरी पोचवणं ही दोन्ही त्यानं आपलीच कामं मानली. विकर्णाला वाटलं असणार, गेलो तर भाऊ तुटतील. न जाताही ते तुटलेच, आणि त्यांच्याबरोबर तोही. हे लिहिताना मला बरं वाटत नाही. भीमासारखं मलाही त्याचं वाईटच वाटतं. पण तुम्ही विचारलंत, आणि वडिलांची बाजू राखायची म्हणून चुकीचं उत्तर आणखी किती वर्षं देत राहू?

बाबा गेले तेव्हा कुणी कळवण्याआधीच काका पुनर्वसनाच्या गावठाणातून पहिल्या एसटीनं आले होते. मी एकटीच मुलगी. गुरुजींनी विचारलं, क्रिया कोण करणार? काका म्हणाले, "मी आहे ना." दहाव्या दिवशी घाटावर पिंड ठेवला. आम्ही लांब उभे राहिलो, फार वेळ लागला नाही, कावळा शिवला. सगळे निघायला वळले. काका तिथेच उभे होते, ओल्या पंचानं, हात जोडून. मी त्यांना न्यायला मागे गेले तेव्हा ऐकू आलं, "दादा, ती नोटीस घेतली रे मी."