वर बघा, काकू

मोठा ढोल वाजला की माझ्या नजरेसमोरची पाटी, माणसं, सगळं क्षणभर उडायचं. बोलताना स्वतःचाच आवाज उजव्या कानात घुमायचा, जिना उतरताना टाचांचे ठोके कानात ऐकू यायचे. घरच्यांच्या मते बीपी, शेजारणीच्या मते पित्त. परळच्या कानाच्या डॉक्टरांनी मात्र ठोक्यांचं ऐकताच मान हलवली आणि व्हेम्प, म्हणजे कानात आवाज देऊन आतल्या कानातल्या तोलाच्या भागाची तपासणी, करायला सांगितली, मानेवरून आणि डोळ्यांवरूनही.

तपासायचा कान आणि इलेक्ट्रोड डोळ्यांखाली, हे मला पटेना. ऑडिओलॉजिस्ट मुलगी बोलकी होती, म्हणून कळलं. मोठा आवाज आतल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागालाही हलवतो, आणि तिथला संदेश पलीकडच्या डोळ्याच्या स्नायूपर्यंत पोचतो. म्हणून आवाज उजव्या कानात, नोंद डाव्या डोळ्याखाली. आतल्या कानात तोलाच्या दोन छोट्या पिशव्या असतात: डोळ्यांवरून मुख्यतः युट्रिकल कळतं, मानेवरून सॅक्यूल.

काजळ पुसून कातडी जेलने चांगली खसाखसा घासली. भिंतीवर उंच एक ठिपका. "वर बघा, काकू. डोकं नाही, फक्त डोळे." खरी मेहनत तीच. कानाशी कुणी लाकडी पट्टी आपटावी तसा ५०० हर्ट्झचा आवाज, सेकंदाला साधारण पाच वेळा. डोळ्यांत पाणी येतं, नजर खाली घसरते, आणि घसरली की स्नायू सैल पडून इलेक्ट्रोडने टिपलेली लाट बारीक होते. मग पुन्हा "काकू, वर!" मधेमधे विश्रांती देत होती, नाहीतर मी उठलेच असते. आधी कानात पाणी सोडून केलेल्या तपासणीत जशी गरगरले होते, तसं इथे काही झालं नाही.

बाहेर बसलेल्या एका आजोबांच्या कानाचा पडदा फाटलेला होता. आतला कान धड असला, तरी तिथवर आवाजच नीट पोचला नाही तर लाट उमटत नाही. म्हणून त्यांच्या कपाळावर हलके ठोके देऊन तपासणी केली.

माझी लाट आवाजानंतर साधारण १० मिलिसेकंदांनी आली, तीही डावीकडच्या कानापेक्षा कितीतरी उंच. ४००० हर्ट्झच्या आवाजालाही आली, जिथे निरोगी कान बहुधा गप्प राहतो. उंच लाट इथे चांगली बातमी नसते! आतल्या कानातल्या वरच्या अर्धवर्तुळाकार नलिकेवरचं हाड विरलं, तर आवाजाचा जोर त्या भगदाडातून तोलाच्या नलिकेत शिरतो. अमेरिकेत लॉइड मायनर आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली हा आजार मांडला. तोवर अशा रुग्णांना काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल, कोण जाणे.

कानाच्या हाडाच्या सीटी स्कॅनमध्ये उजवीकडचं भगदाड दिसलं. ऑपरेशन करता येतं. पण त्रास सोसवतोय तोवर घाई नको, असं डॉक्टर म्हणाले. मी त्यांचं ऐकलं.