राधानगरीत ‘ओळखा पाहू’

राधानगरीला जायचे ते गवे पाहायला, असे कोल्हापुरात कोणालाही विचारले तरी सांगतात, आणि ते खरेही आहे. १९५८ पासून राखलेल्या या जंगलाची ओळखच गव्यांमुळे झाली. मला मात्र त्या सहलीतले सर्वांत जास्त काय आठवत असेल, तर वळवाच्या पावसात वीज गेल्यावर मुक्कामाच्या घराच्या ओसरीवर मोबाइलच्या उजेडात रंगलेला खेळ.

कोल्हापुरात मिसळ खाऊन निघालो, हळदी-परित्याच्या उसातून राधानगरीला पोहोचलो आणि संध्याकाळची जंगलफेरी पावसाने बुडवली. खोली दमट होती आणि तिचे भाडे तिच्या मानाने अवाजवी होते. शेजारच्या खोलीतल्या मंडळींनी पाऊस थांबेपर्यंत मोठ्या आवाजात गाणी लावली नसती, तर ही तक्रार मी केलीही नसती. वीज गेली तेव्हा गाणी थांबली, आणि आमच्या वाटाड्याने स्वतः काढलेली छायाचित्रे दाखवायला सुरुवात केली. नियम एकच होता: प्राण्याचे नुसते नाव सांगायचे नाही, खूण सांगायची. खुणेशिवायचे उत्तर बरोबर असले तरी बाद.

पहिल्या चित्रात रस्ता ओलांडणारे मुंगूस होते. ‘मुंगूस’ एवढ्यावर सर्वांचे समाधान झाले होते, पण ‘कोणतं?’ या प्रश्नावर ओसरी गप्प झाली. शेपटीचे टोक काळे आणि वर वळलेले असेल तर ते तांबूस मुंगूस. गावाकडे नेहमी दिसणाऱ्या करड्या मुंगसाच्या शेपटीला असे काळे टोक नसते. आणि मानेच्या बाजूला काळा पट्टा असेल तर ते तिसरेच, भारतातल्या मुंगसांत आकाराने सर्वांत मोठे. पुढच्या चित्रातल्या प्राण्याला कोणी चितळाचे पाडस म्हणाले, कोणी भेकराचे पिल्लू. ती पिसोरी होती, पूर्ण वाढलेली, तरीही जेमतेम वीतभर-सव्वा वीत उंच आणि दोन ते चार किलो वजनाची. घशाखाली पांढरे पट्टे, अंगावर ठिपक्यांच्या ओळी, आणि नरालाही शिंगांऐवजी सुळे. हरणासारखी दिसत असली तरी तिचे कूळ हरणांहून वेगळे आहे.

मग आले ते चित्र, ज्यावर पुढचा सगळा वेळ गेला. ओल्या मातीवर वेटोळे घातलेले, जांभळट करडे, हातभरही नसलेले काहीतरी. गांडूळ म्हणावे तर तोंडाला जबडा स्पष्ट दिसत होता. कोणी वाळा साप म्हणाले, पण वाळ्याच्या अंगावर बारीक चकचकीत खवले असतात आणि इथे दिसत होती ती ओलसर कातडी, तिच्यावर वळ्यांमागून वळ्या. एका जाणकार पाहुण्याने खापरखवल्या साप सुचवला; त्याची शेपटी तिरकी छाटल्यासारखी आणि खडबडीत असते, हिचे टोक गोलसर होते. पुण्याहून आलेले एक गृहस्थ नेटवर्कसाठी ओसरीच्या टोकाला जाऊन उभे राहिले आणि कुठल्याशा ॲपच्या भरवशावर त्यांनी परदेशातल्या एका सापाचे नाव ठणकावून सांगितले. अशा माणसांमुळे खेळाचा विचका होतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तराकडे आम्हाला नेले ते घरच्या मावशींनी. त्या भाकरी थापून हात पुसत बाहेर आल्या, चित्राकडे क्षणभर पाहिले आणि म्हणाल्या, “ह्ये व्हय? उकिरडा उपसताना निघतंय की. पर साप न्हवं ह्ये. साप जीभ काढतोय, ह्ये काढत न्हाई.” संध्याकाळभरात सांगितलेल्या खुणांपैकी ही सर्वांत चांगली खूण होती, आणि ती छायाचित्रात दिसणे शक्यच नव्हते.

ते देवगांडूळ होते. गांडुळाशी त्याचा संबंध नाही आणि सापाशीही नाही. ते बेडकाचे पाय नसलेले नातलग, म्हणजे उभयचर. मातीत राहायचे असल्याने डोळे कातडीखाली झाकलेले असतात आणि डोळा व नाकपुडी यांच्या दरम्यान एक इवलीशी स्पर्शिका असते, तिच्या साहाय्याने ते आसपासचा वास घेते. चित्र मोठे करून आम्ही ती शोधली, पण मोबाइलच्या पडद्यावर तिथे ठिपक्यांखेरीज काही उरले नाही.

“पण कोणतं देवगांडूळ?” पुण्याच्या गृहस्थांनी विचारले. वाटाड्या म्हणाला, “ते या फोटोवरनं सांगता येत नाही, साहेब.” त्यांना ही पळवाट वाटली. मला मात्र ते त्या रात्रीचे सर्वांत प्रामाणिक उत्तर वाटले, कारण या प्राण्यांच्या जाती ठरतात त्या अंगावरच्या वळ्या मोजून, दात आणि कवटीची हाडे तपासून. आंबोलीसारख्या वर्दळीच्या ठिकाणाहूनही देवगांडुळाची एक जात शास्त्राला नव्याने कळली ती २००३ साली. तिथे पर्यटक काही त्याआधी कमी जात नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजीपूरला गवे दिसले, लांबून, पण चांगले दिसले.

परतताना मी वाटाड्याला विचारले की लोक त्याला ओळखण्यासाठी छायाचित्रे पाठवतात का. पावसाळ्यात रोज पाठवतात, तो म्हणाला. निम्मी धूसर, बरीचशी मारून टाकलेल्या प्राण्याची. डोके, पाठ, शेपटी असे दुरूनच वेगवेगळे काढा, जागा आणि वेळ कळवा, असे तो प्रत्येकाला सांगतो. उत्तराला जरा उशीर झाला, की त्याच माणसाचा पुन्हा निरोप येतो: “नाव राहू दे, विषारी हाय का तेवढं सांग.”