टक्के थोडे होते, मग हात का वर जात नाही?

तुमचा भाजलेला हात अजून वर का जात नाही, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. भाजलेल्या माणसांकडून व्यायाम करून घेण्याचं काम मी सांगलीत करते. पेशंट घरी गेल्यावर काही महिन्यांनी नातेवाईक हा प्रश्न घेऊन येतातच : "ताई, टक्के तर थोडेच होते, धोकाही टळला. मग अजून हात का वर जात नाही?"

अंगाचा किती भाग भाजला, त्याचे हे टक्के. ते मोजतात जीव वाचवायला. पुढं हात किती चालेल, हे त्या आकड्यात नसतं.

मोठ्या माणसाच्या अंगाचे नऊ-नऊचे हिस्से धरतात. डोकं आणि मान मिळून ९, एकेक हात ९, छाती-पोट १८, पाठ-कंबर १८, एकेक पाय १८, राहिलेला १ दोन जांघांमधल्या जागेचा. एडिंबराचे सर्जन वॉलेस यांनी १९५१ मध्ये ही रीत मांडली. इकडं-तिकडं शिंतोडे उडून भाजलं असेल तर पेशंटचाच तळहात, बोटांसकट, साधारण १ टक्का धरून मोजायचं. नुसती लाल झालेली, फोड न आलेली जागा धरत नाहीत. तान्ह्या बाळाचं डोकं अंगाच्या मानानं मोठं, जवळजवळ १८ टक्के, म्हणून मुलांसाठी वयाप्रमाणे वेगळा तक्ता असतो.

हे सगळं कशासाठी, तर सलाईनच्या हिशेबासाठी. मोठं भाजलं की रक्तातलं पाणी झिरपून जातं. ४ मिली गुणिले वजन गुणिले टक्के, हे जुनं सूत्र. ५० किलोची बाई ३० टक्के भाजली तर पहिल्या २४ तासांत ६ लिटर, त्यातलं निम्मं पहिल्या आठ तासांत. मग लघवी किती होते ते पाहून कमी-जास्त करतात. हे आठ तास भाजल्यापासूनचे बरं का, दवाखान्यात पोचल्यापासूनचे नव्हेत. जतहून मिरजेला येण्यात गेलेला वेळही त्यातच धरायचा. म्हणून कधी भाजलं ते घड्याळाप्रमाणे सांगा, असं मी सगळ्यांना बजावते.

आता तुमचा हात. पाठ पूर्ण भाजली तर टक्के भरतात १८. हाताचा पंजा दोन्ही बाजूंनी भाजला तरी जेमतेम २ ते अडीच. पण पाठीवरचा चट्टा घेऊन माणूस पुष्कळ कामं करतो, आणि तळहात आखडला की बाईला भाकरी थापता येत नाही. तळवा परातीत सपाट टेकतच नाही, बोटं आत ओढलेली राहतात, पीठ कडेला सरकतं. एका मावशींना मी पहिल्यांदा भाकरी करायला बसवलं, तेव्हा त्या मनगटाच्या कडेनं थापत होत्या. कागदावर टक्का इतका बारका, की त्यांना दाखल करतानाही कुणी फारसं घाबरलं नव्हतं.

भाजणं किती खोल गेलंय, त्याचंही तसंच. गुऱ्हाळात काहिलीतला उकळता रस अंगावर उडाला तर तो चिकटतो, पाण्यासारखा ओघळून जात नाही. जागा तेवढीच, पण खाली खोलवर भाजतं. खोल जखम भरायला जितके जास्त आठवडे लागतात, तितका चट्टा जाड होण्याची भीती जास्त. आणि चट्टा आखडतो तो जखम भरल्यावर, घरी गेल्यावर, सगळ्यांना आता बरं झालं असं वाटत असताना. वर्ष-दीड वर्ष, कधी त्याहून जास्त, त्याचं हे काम चालूच असतं.

मला सगळ्यात जास्त त्रास होतो तो उशीचा. मान भाजलेल्या माणसाच्या डोक्याखाली घरची माणसं मायेनं उशी देतात. हनुवटी छातीकडं झुकते, पेशंटला बरं वाटतं आणि मान तशीच धरते. काखेचंही तेच. दुखतं म्हणून हात अंगाला चिकटवून ठेवला की काखेत कातड्याचा पडदा तयार होतो. तुमच्या हाताला हेच झालंय. ज्या स्थितीत दुखत नाही, त्याच स्थितीत चट्टा आखडतो. म्हणून मानेखाली उशी नको, हात अंगापासून लांब आणि स्प्लिंट, म्हणजे सांधा सरळ धरून ठेवणारी पट्टी, रात्रीसुद्धा. रोज ताण द्यायचा, हळू पण चट्टा चांगला ताणला जाईपर्यंत. पडदा पक्का झाला असेल तर ऑपरेशन करून तो सोडवता येतो. त्यानंतरही व्यायाम सुटत नाही. लहान मुलांकडं तर वाढ संपेपर्यंत लक्ष ठेवावं लागतं, कारण अंग वाढतं तसा चट्टा वाढत नाही.

चट्टा दाबून ठेवणारे घट्ट कपडे दिवसाचे २३ तास घालायला सांगतात. वैशाखात ते घालून राहणं किती अवघड आहे, हे मी रोज बघते. त्यात खाज, तीही रात्री. जखमेवर दुसरीकडचं कातडं लावलेल्या जागेला घाम नीट येत नाही, म्हणून मोठं भाजलेल्याला ऊन लवकर बाधतं. अशा माणसाला दुपारी उसाच्या फडात पाठवून "आळशी झालाय" म्हणू नका. काम सकाळचं द्या, पाणी जवळ ठेवा.

तेव्हा पुढच्या खेपेला टक्क्यांचा कागद मागं ठेवला तरी चालेल. हात डोक्यापर्यंत जातो का, वेणी घालता येते का, ब्लाउजचं मागचं हूक लागतं का, रात्री झोप लागते का, एवढं बघून या. आणि चट्टा अजून लाल, कडक असेल तर महिना संपायची वाट बघू नका, याच आठवड्यात या.