तुम्ही विचारलंत म्हणून: गोळी चहातून दिली तर चालेल का?

दुकानात गर्दी असताना हा प्रश्न कुणी विचारत नाही. दुपारी बाजार थंड पडला की एखादी काकी येते, चिठ्ठी काउंटरवर सरकवते आणि आवाज खाली आणून म्हणते, "भाऊ, ही गोळी चायेत घातली तर चलात मां? तेका कळाक नको." चिठ्ठीवर बहुतेक वेळा ओलान्झापिन नाहीतर रिस्पेरिडोन असतं, म्हणजे मनाच्या गंभीर आजारावरची औषधं. काहीजणी तर पूड करूनच मागतात.

मालवणात माझं औषधांचं दुकान आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे कुणाला कुठली गोळी आणि किती, हे मी सांगत नाही. पण या प्रश्नाला माझं उत्तर "नाही" असतं, आणि का नाही ते काउंटरवर उभ्याउभ्या सांगून होत नाही.

विचारणारीचा हेतू वाईट नसतो, हे आधीच सांगतो. तरणा मुलगा रात्र रात्र जागतोय, भिंतीशी बोलतोय, शेजाऱ्याच्या अंगावर धावून जातोय, आणि "माका काय झाला नाय, तुमीच गोळये खावा" म्हणतोय. आपण आजारी आहोत हे न कळणं हा याच आजाराचा भाग आहे. अशा घरात चार रात्री काढल्याशिवाय त्या आईला नैतिकता शिकवायला जाऊ नये.

तरीही नाही.

चहाचंच आधी घेऊ. रिस्पेरिडोन पातळ औषधाच्या रूपातही मिळतं, आणि लपवायला सोपं म्हणून घरचे तेच मागतात. हे औषध पाण्यात, कॉफीत, कमी सायीच्या दुधात मिसळलेलं चालतं. चहात आणि कोलात मिसळू नये, असं मूळ माहितीपत्रकातच दिलेलं आहे. आता आमच्याकडे सकाळी उठून कॉफी कोण पितो? गोळीची पूड केली तर निम्मी कपाच्या तळाशी राहते. उरलेला चहा घरातलं पोर पिऊन टाकतं. आणि ज्या गोळीच्या नावापुढे ईआर, एसआर, एक्सआर असं काही लिहिलेलं असतं ती दिवसभर हळूहळू विरघळावी म्हणून बनवलेली असते. ती कुटली की सगळं औषध एकदम अंगात जातं.

पण चहाऐवजी आमटीत घाला म्हटलं तरी माझं उत्तर बदलणार नाही. ही औषधं सुरक्षित राहतात ती घेणारा माणूस बोलतो म्हणून. वजन काट्यावर कळतं, साखर रक्तात कळते (ओलान्झापिनने दोन्ही वाढू शकतात, तेव्हा तपासत राहायलाच हवं). पण आत काय होतंय ते त्याच्याशिवाय कोण सांगणार? आणि आपण औषध घेतोय हेच त्याला माहीत नसेल तर तो सांगणार तरी काय?

या औषधांनी काहींना एक विचित्र अस्वस्थता येते. बसवत नाही, उभं राहवत नाही, पाय जागेवर ठरत नाहीत. माणूस खळ्यात येरझारा घालत राहतो. डॉक्टर याला अकथिसिया म्हणतात, आणि डोस कमी करून किंवा दुसरं औषध देऊन ती बहुतेक वेळा आटोक्यात येते. ज्याला गोळीबद्दल माहीत आहे तो म्हणतो, "गोळी घेतल्यापासून असं होतंय." ज्याला माहीत नाही तो फक्त येरझारा घालतो. घरचे म्हणतात, परत वाढलं. आणि संध्याकाळच्या आमटीत अर्धी गोळी जास्त पडते. म्हणजे ज्या औषधाने अस्वस्थता आली, तेच आणखी.

मानेचंही तसंच. हॅलोपेरिडॉलसारखी औषधं सुरू केल्यावर पहिल्या काही दिवसांत, विशेषतः तरुण मुलांमध्ये, मान एका बाजूला पिळल्यासारखी होते, जीभ जड पडते, डोळे वर खेचले जाऊन तिथेच राहतात. पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. दवाखान्यात नेलं तर साध्या इंजेक्शनने थोड्या वेळात उतरतं. आमच्याकडे मात्र अशा वेळी आधी देवस्की आठवते. कौल लावायला माणूस धावतो, आणि चहात काय घातलं होतं ते आई कुणासमोर बोलत नाही, कारण बोलली तर मुलाला कळेल. मी देवाधर्माच्या विरोधात नाही, गाऱ्हाणं घालायचं तर घाला. आधी इंजेक्शन घ्या, एवढंच माझं म्हणणं.

पावसाळ्यात तापाची भीती वेगळीच. इथे ताप म्हटला की लेप्टो, मलेरिया, डेंग्यू आठवतात आणि ते बरोबरच आहे. पण या औषधांवर असलेल्या माणसाला जोराचा ताप आला, अंग लाकडासारखं ताठ झालं, दरदरून घाम सुटला आणि तो असंबद्ध बोलू लागला, तर ते औषधामुळेही असू शकतं. हे क्वचितच होतं, पण जिवावर बेततं. अशा वेळी पुढची गोळी न देता त्याला तडक रुग्णालयात न्यायचं. तिथे डॉक्टर पहिलं विचारणार, औषधं कुठली चालू आहेत? रुग्ण प्रामाणिकपणे सांगतो, "कुठलीच नाय." उलटीवर दिलं जाणारं मेटोक्लोप्रमाइड या औषधांच्या जोडीला आलं की हा ताठरपणा वाढू शकतो. देणाऱ्याला ते कळायचं कसं?

आणि बिडी. श्रावणात मुलाने बिडी सोडली म्हणून घर खूश असतं. पण बिडी-सिगारेटच्या धुरामुळे शरीर ओलान्झापिन आणि क्लोझापिन लवकर संपवत असतं. धूर बंद झाला की तोच डोस रक्तात जास्त साठतो आणि मुलगा दिवसभर झोपून राहतो. हे निकोटिनमुळे होत नाही, त्यामुळे तंबाखू चघळणाऱ्याला हा हिशेब लागू नाही. बिडी जरूर सोडावी, फक्त डॉक्टरांना सांगून, म्हणजे ते डोस बघतील.

क्लोझापिन तर लपवून द्यायचा विचारही नको. त्याने क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायक कमी होतात, म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं. कशासाठी ते न सांगता दर आठवड्याला कुणाच्या दंडातून रक्त काढणार आहात? शिवाय दोन दिवसांहून जास्त खंड पडला तर पुन्हा अगदी कमी डोसपासून, डॉक्टरांच्या सांगण्यानेच सुरू करावं लागतं.

एक गोष्ट मात्र मला या सगळ्याहून जड वाटते. या आजारात कित्येकांना संशय असतो की आपल्या जेवणात कुणीतरी काहीतरी घालतंय. आपण चहात गोळी घातली की तो संशय खरा होतो. एखाद्या दिवशी त्याला कपात पांढरं काहीतरी दिसतं. मग तो घरचं जेवण सोडतो, खानावळीत जातो, आणि पुढे कुणी किती समजावलं तरी काय उपयोग? त्याचंच बरोबर होतं. आणि समजा कधीच कळलं नाही, मुलगा छान सुधारला, मुंबईला नोकरीला गेला. चहा करणारी आई इथेच राहिली. त्याच्या मते तो गोळीशिवायच बरा झालाय. काही आठवड्यांनी, नाहीतर महिन्यांनी, आजार उलटतो आणि त्याला किंवा खोलीतल्या मित्रांना त्याचं कारण कधी कळत नाही.

मग करायचं काय? गोळी का नको, ते आधी त्याला विचारा आणि मध्ये न बोलता ऐका. पुष्कळदा कारण अगदी साधं असतं. सकाळी होडीवर जाताना झोप आवरत नाही. पोट सुटलं. बायकोजवळ जाता येत नाही, आणि हे तो आईला कधीच सांगणार नाही. या सगळ्यावर डॉक्टरांकडे काही ना काही उपाय असतो. वेळ बदलतात, गोळी बदलतात. "तुला वेड लागलंय" हे पटवून देण्यात दिवस घालवू नका. झोप लागत नाही, डोक्यात गलका असतो, हे त्यालाही मान्य असतं. गोळी त्यासाठी आहे म्हटलं तर ते खोटंही नाही. रोजची गोळी नकोच म्हणत असेल तर महिन्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनंही असतात, त्याला सांगून, त्याच्या संमतीने. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांची माहिती मिळण्याचा हक्क रुग्णाला दिलेला आहे. कुणी जिवावर उठलं असेल तर मात्र चहापाणी करत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाचं नाव आपण एकमेकांना चिडवायला वापरतो, त्यामुळे गरज असतानाही पाय मागे ओढला जातो. बाहेर बोलायची लाज वाटत असेल तर 14416 हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

आणि जे आधीपासूनच लपवून देताहेत, त्यांच्यासाठी. हे वाचून आज रात्रीपासून गोळी बंद करू नका. एकदम बंद केल्याने आजार उसळू शकतो. चार-आठ दिवसांत चिठ्ठी आणि गोळ्यांचं पाकीट घेऊन डॉक्टरांना एकटे भेटा. किती दिवस, कशातून, किती देताय ते खरं सांगा. मुलाला कधी, कुणी आणि कसं सांगायचं ते त्यांच्याबरोबर बसून ठरवा. तो थोडा सावरलेला असताना सांगितलेलं बरं. तो चिडेल, बहुतेक दोन दिवस बोलणार नाही. तेवढी तयारी ठेवून जा.