बॅक प्रेशर सेन्सर बदलण्याआधी त्याची नळी उघडा

डिझेल ट्रक चढाला उचलत नाही, काळा धूर मारते, चेक लाइट पेटलाय आणि स्कॅनरवर एसपीएन १२०९ हा बॅक प्रेशरचा कोड दिसतोय. नवी मुंबईत कळंबोलीला किंवा तुर्भ्याला अशी गाडी उभी राहिली की पहिला सल्ला मिळतो, सेन्सर बदला. माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी त्याची नळी तपासा.

एक्झॉस्ट बॅक प्रेशर सेन्सर टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डमधल्या वायूचा दाब मोजतो. त्यावरून ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) व्हीजीटी टर्बोच्या, म्हणजे हलत्या पात्यांच्या टर्बोच्या, पात्या किती मिटायच्या आणि ईजीआरमधून (जळालेला थोडा वायू परत इंजिनात सोडणारी वाट) किती वायू जाईल हे ठरवतो. काही इंजिनांत एक्झॉस्ट ब्रेकचा (एक्झॉस्ट अडवून गाडीचा वेग कमी करणारा) दाबही यावरच सांभाळला जातो. मॅनिफोल्ड भयंकर तापतं, म्हणून बऱ्याच इंजिनांत सेन्सर लांब बसवून स्टीलच्या बारीक नळीने जोडलेला असतो. नळीचं एक टोक सेन्सरने बंद, त्यामुळे तिच्यातून वायू वाहून जात नाही. आत गेलेली काजळी आणि ओल तिथेच बसते आणि दगडासारखी घट्ट होते. जेएनपीटी बंदराच्या रांगेत किंवा ठाण्याच्या गायमुखच्या कोंडीत तासन्‌तास आयडलवर असलेल्या इंजिनात काजळी जास्त, उष्णता कमी. नळी तुंबायला आणखी काय हवं?

तपासणी सोपी आहे. इंजिन बंद, चावी ऑन. स्कॅनरवर एक्झॉस्ट, बूस्ट (टर्बो इंजिनात ढकलतो त्या हवेचा) आणि बॅरोमीटर (बाहेरच्या हवेचा) असे तिन्ही दाब बघा. आपण समुद्रसपाटीला आहोत, तेव्हा तिन्ही साधारण १०० किलोपास्कल हवेत (स्कॅनर गेज दाब, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब वजा करून, दाखवत असेल तर एक्झॉस्ट आणि बूस्ट शून्याच्या आसपास). एक्झॉस्टचाच आकडा वेगळा असेल तर सेन्सर किंवा वायरिंगवर संशय घ्या. तिन्ही जुळले तर इंजिन चालू करून रेस द्या. आकडा लगेच चढला-उतरला पाहिजे. जागचा हलत नसेल किंवा रेस सोडल्यावरही रेंगाळत खाली येत असेल, तर नळी तुंबलीय.

वायरी बहुतेक तीन असतात: ५ व्होल्ट, अर्थ आणि सिग्नल. कपलर काढून चावी ऑन ठेवा, ५ व्होल्ट आणि अर्थ मल्टीमीटरवर मोजा. कोडसोबत एफएमआय (बिघाडाचा प्रकार सांगणारा आकडा) ३ असेल तर सिग्नलचा व्होल्टेज प्रमाणाबाहेर वर गेलाय, ४ असेल तर खाली. अशा वेळी नळी नाही, वायरी बघायच्या. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत कपलरच्या पिना हिरव्या पडतात, आणि धुलाईच्या प्रेशर पंपाचं पाणी सील फाटलेल्या कपलरमध्ये शिरतं. नवा सेन्सर त्याच सडक्या कपलरला जोडला की कोड पुन्हा येणारच.

नळी काढताना इंजिन पूर्ण गार होऊ द्या. एका पान्याने नट फिरवा, दुसऱ्याने खालचा अडॅप्टर धरा, नाहीतर गंजलेली नळी पिळून तुटते. नळी दोन्हीकडून मोकळी करून बाहेर काढा. एक टोक मॅनिफोल्डला ठेवून फुंकलं तर कार्बनचा कडक तुकडा आत जाऊन टर्बोच्या पात्यांवर आदळू शकतो. कार्ब क्लीनर भरून ठेवा, लवचिक तारेने खरवडा, मग कॉम्प्रेसरची हवा मारा. मॅनिफोल्डवरच्या अडॅप्टरचं भोकही साफ करा, हे हमखास राहून जातं. सेन्सरच्या भोकात मात्र तार किंवा हवा अजिबात नको, आतला पडदा जातो.

परत बसवताना आट्यांना उष्णता सोसणारं अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा. टेफ्लॉन टेप त्या उष्णतेत टिकत नाही. नळी कापून आखूड करू नका आणि तिच्या जागी रबरी होजही घालू नका.

नळी साफ, वायरी ठीक, तरी आयडलवरच दाब जास्त दिसत असेल तर सेन्सर खरं बोलतोय. मग अडकलेला एक्झॉस्ट ब्रेकचा फ्लॅप, दबलेला पाइप किंवा बीएस-६ गाडीत भरलेला डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) शोधा. डीपीएफचा डिफरन्शियल प्रेशर (दाबातला फरक मोजणारा) सेन्सर वेगळा, त्याचा कोड एसपीएन ३२५१. त्याला दोन नळ्या असतात, एक फिल्टरच्या आधीची आणि एक नंतरची. त्या उलट जोडल्या की आकडाच उलटा येतो, म्हणून काढण्याआधी एकीला खूण करून ठेवा.